नातीचा धाकटा भाऊ समजण्यात यावे म्हणून

प्रति,
मा. शुल्क सवलत अधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय, चौथा मजला
(लिफ्टमधून उतरल्यावर डावीकडे, लिफ्ट बंद असल्यास जिन्याने येऊन, दम खाऊन, उजवीकडे)

विषय : अर्जदारास त्याच्या सख्ख्या नातीचा धाकटा भाऊ समजून भावंड सवलतीखाली निम्मी फी माफ होणेबाबत.

संदर्भ :
(अ) आपल्या कार्यालयाचे भावंड सवलतीचे परिपत्रक.
(आ) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावरील आपला शेरा : "आजोबा हे भावंड नव्हे. नामंजूर."
(इ) तदनंतर आपल्या हेडक्लार्कांशी दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्यात, झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

१. अर्जदार याच इमारतीत एकतीस वर्षे लिफ्टमन होता. आपण बदलून आलात तेव्हा नवी लिफ्ट बसली होती, त्यामुळे आपली ओळख होण्याचा योग आला नाही. आपल्या खुर्चीवरील मागील सहा साहेबांना अर्जदाराने रोज वर नेले आणि तितकेच सुखरूप खाली आणले. त्या काळात बढत्या, बदल्या व कोणाच्या मेहुण्याला कसले कंत्राट मिळाले यासंबंधी लिफ्टमध्ये जे जे बोलले गेले ते अर्जदाराने आजवर कोठेही बोलून दाखवलेले नाही, आणि तूर्त तसा विचारही नाही. ही बाब केवळ चारित्र्याचा पुरावा म्हणून नमूद केली आहे. सदर अर्जाची भाषाही तेथेच कानावर पडलेली आहे, कारण अर्जदाराची स्वतःची शाळा चौथीतच सुटली. शुद्धलेखन नातीने तपासले आहे.

२. नवी लिफ्ट मजला आला की आपण होऊन बोलते. बाईच्या आवाजात बोलते. तिच्यापुढे अर्जदाराचे काय चालणार? अर्जदार सेवानिवृत्त झाला व घरी बसून सूनबाईंना त्यांच्या कामात सूचना करू लागला. हे सुमारे चार महिने चालले. त्यानंतर सूनबाईंच्या हाती आपल्याच कार्यालयाचे दुसरे एक परिपत्रक पडले : मध्येच शाळा सुटलेल्या कोणासही, वयाची सबब न सांगता, सोडलेल्या इयत्तेच्या पुढील वर्गात प्रवेश द्यावा, पहिल्या वर्षाची फी माफ. ते लिहिणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांपुढे दहा-बारा वर्षांची पोरे असावीत. पण त्यांनी तसे लिहिले नाही. सूनबाईंनी कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्जदारास पाचवीच्या वर्गात नेऊन सोडले. अर्जदार पहिल्या दिवशी रडला नाही, असा दाखला वर्गशिक्षिका देतील.

३. अर्जदार पाचवी पास झाला आहे. वर्गातील मुले त्यास लिफ्टकाका म्हणतात व उंचीमुळे शेवटच्या बाकावर बसवतात. अंकगणितात शून्य ते सात या आकड्यांवर अर्जदाराचा हात आधीपासून बसलेला होता, कारण इमारत सात मजली आहे. आठपासून पुढे कष्ट पडले. अपूर्णांक मात्र अजून येत नाहीत. वास्तविक दोन मजल्यांच्या मध्ये अडकून राहणे म्हणजे काय, हे अर्जदाराइतके वर्गात कोणाला ठाऊक नसेल. पण ते कागदावर मांडता येत नाही. शाळेच्या नियमाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जास्त नसावे. अर्जदाराचे वजन चौऱ्याहत्तर किलो भरल्याने साऱ्या वर्गाचे नकाशे व पृथ्वीचा गोल अर्जदाराच्या दप्तरात असतो. त्याबद्दल तक्रार नाही.

४. आता खर्चाकडे वळतो. शाळा उघडताना प्रत्येक मुलामागे तेवीस वस्तूंची यादी येते. गेल्या वर्षी अर्जदाराच्या घरी अशा दोन याद्या आल्या, कारण अर्जदाराची नात त्याच शाळेत, अर्जदाराच्या दोन इयत्ता पुढे आहे. अर्जदाराचा मुलगा दुकानांना पावाच्या गाडीतून माल पोचवतो, सूनबाई घरी शिवणकाम करतात. तेव्हा जे घरोघरी चालते तेच येथे चालले. मोठ्या मुलाच्या वस्तू धाकट्याकडे आल्या.

(क) नातीचे जुने दप्तर अर्जदारास मिळाले. त्यास दोन चाके होती, पैकी एक आहे.

(ख) नातीचा पावसाळी कोट मिळाला. तो गुलाबी असून टोपीला सशाचे कान आहेत. कोट अर्जदाराच्या कमरेपर्यंतच येतो, पण कान व्यवस्थित बसतात.

(ग) नातीची पाचवीची पुस्तके मिळाली. त्यांत तिने पेन्सिलीने उत्तरे लिहून ठेवली होती. अर्जदाराने ती जशीच्या तशी उतरवली, आणि पहिल्या चाचणीत जेथे जेथे ती चुकली होती तेथे तेथे अर्जदारही चुकला. शिवाय तिने पुस्तकातील सर्व थोर स्त्रियांना मिशा काढल्या होत्या. बाईंनी अर्जदारास उभे करून विचारले की या वयात हे शोभते का. अर्जदाराने बहिणीचे नाव सांगितले नाही. बोलणी खाल्ली.

(घ) बूट तेवढे नवे घ्यावे लागले, कारण नातीचे होईनात. मुलाने ते दोन नंबर मोठे घेतले. पुढच्या वर्षीही चालतील, वाढत्या अंगाला मोठेच घ्यावेत, असे त्याचे म्हणणे पडले. अर्जदाराने दुकानात सांगून पाहिले की अर्जदाराचा पाय गेली पंचेचाळीस वर्षे आठ नंबरावर थांबलेला आहे. त्यावर मुलगा दुकानदारासमोर म्हणाला, "बाबा, मी सहावीत असताना तुम्ही नाही का मला नववीचे बूट घेतले? मी काही बोललो?" अर्जदार बोटांपुढे कापूस भरून वर्षभर चालला. यंदा मुलगा सर्वांना अभिमानाने सांगतो की बघा, बुटांचा खर्च वाचला.

५. वरील वस्तुस्थिती पाहता, धाकटा कोण हा प्रश्नच उरत नाही असे अर्जदारास वाटते. ज्याच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढतो तो धाकटा. तरीही आपला शेरा डोक्यावर ठेवून अर्जदाराने परिपत्रक पुन्हा वाचले. त्यात भावंडांची व्याख्या अशी : "एकाच घरात राहणारी, एकाच पालकाच्या सहीने येणारी व एकाच शाळेत वेगवेगळ्या इयत्तांत शिकणारी मुले." घर एक आहे. दोघांच्याही प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही सूनबाईंची आहे. अर्जदाराच्या पुस्तकावर त्यांनी 'बडबड कमी करण्यास सांगितले आहे' असा शेराही मारला आहे. शाळा एक आहे, इयत्ता वेगळ्या आहेत. राहता राहिला 'मुले' हा शब्द. त्याबाबत सूनबाईंचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे. त्यात त्या म्हणतात की त्या रोज दोन मुलांचे डबे भरतात, दोघांपैकी एकाला आंघोळीला चारदा हाका माराव्या लागतात, आणि तो एक म्हणजे मुलगी नव्हे.

६. आपल्या हेडक्लार्कांनी जिन्यात एक कायदेशीर मुद्दा काढला. ते म्हणाले, "काका, नातीचे भाऊ झालात तर तुमचा मुलगा तुमचा बाप होईल. चालेल?" अर्जदाराने एक जिना उतरेपर्यंत विचार केला व परत चढून कळवले की चालेल. फरक काही पडणार नाही. निकालाच्या दिवशी तो तसाच बोलला होता. खरी अडचण अर्जदाराच्या पत्नीची झाली, कारण या हिशेबाने ती अर्जदाराची आजी होते. तिने हरकत घेतली. तत्त्वाला नव्हे, वयाला. अर्जदाराहून सहा वर्षांनी लहान असताना दोन पिढ्या वर जाण्याची तिची तयारी नाही. बऱ्याच बोलाचालीनंतर असे ठरले की सदर नाते सकाळी सात ते दुपारी एक एवढ्यापुरतेच मानावे. घंटा झाली की सर्वांनी आपापल्या मूळ नात्यावर परत यावे. रविवारी व सुट्टीत अर्जदार पूर्णवेळ आजोबा व नवरा राहील. आपल्या आदेशात तशी अट घालावी, म्हणजे घरी शांतता नांदेल.

७. यंदा पहिल्या वर्षाची माफी संपली. नात आठवीत व अर्जदार सहावीत जाणार. दोन पूर्ण फी घराला झेपत नाहीत. एक पूर्ण आणि एक निम्मी झेपते. मुलाने व सूनबाईंनी तीन वेळा मांडून पाहिले, दर वेळी दीडच आली. अपूर्णांक येत नसूनही एवढे अर्जदारास समजले. म्हणून अर्जदाराने जेवताना सहज म्हटले की नाव काढून टाका, पाचवी झाली, पुष्कळ झाले. वास्तविक हे अर्जदारास नवीन नाही. अर्जदाराच्या लहानपणी घरात बुटांचा एकच जोड होता व शाळेत अनवाणी येऊ देत नसत. अर्जदार थोरला होता. थोरल्याने सोडायचे असते, म्हणून त्याने बूट भावाला दिले. ही गोष्ट अर्जदाराने नातीला फार वेळा सांगितली आहे, आणि आता वाटते की नसती सांगितली तर बरे झाले असते.

८. कारण असे की, पहिल्या अर्जाचा कच्चा मजकूर तिनेच तपासला होता. त्यात अर्जदाराने लिहिले होते की तो धाकटा आणि ती थोरली. तिने सगळ्या चुका सुधारल्या, पेन्सिल ठेवली आणि आईबापांना सांगितले, "मग मोठी मी आहे ना? मी एक वर्ष थांबते. तो जाऊ दे." तेव्हा कोणी हसले नाही. तेव्हापासून तिने आठवीच्या पुस्तकांची यादी आणायचे सोडून दिले आहे. अर्जदाराने समजावले, रागावून पाहिले, आजोबा म्हणून हुकूम सोडला. ती म्हणते, शाळेच्या बाबतीत मोठ्याचे ऐकायचे. महोदय, अर्जदार स्वतःच्याच मुद्द्यात, दोन मजल्यांच्या मध्ये अडकावा तसा अडकला आहे. अर्जदार जितका धाकटा ठरेल तितकी ती थोरली ठरते, आणि थोरली ठरली की घरी बसते. शाळा नऊ दिवसांनी उघडते.

९. सबब विनंती की, परिच्छेद ४ ते ६ मधील मजकूर खरा धरून अर्जदारास नातीचा धाकटा भाऊ समजावे व निम्मी फी माफ करावी, म्हणजे दोघेही जातील.

१०. काही कारणाने सवलत देणे शक्य नसल्यास परिच्छेद ४ ते ६ संपूर्ण खोटे समजावेत. कोट अर्जदाराचा नव्हता. बूट मापाचे होते. अर्जदार आजोबा होता, आहे, घरात सर्वांत मोठा आहे, असे आपण सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावे. तो कागद नातीला दाखवता येईल, आणि थोरल्याने सोडायची ती शाळा अर्जदारास सोडता येईल. या कागदासाठी अर्जदार रोज चार मजले चढून येईल. लिफ्ट अडकल्यास दुसऱ्या मजल्यावरील पिवळ्या पेटीवर (लिफ्ट नवी असली तरी पेटी जुनीच आहे) डाव्या हाताने एक थाप मारावी, लिफ्ट चालू होते. हे नव्या लोकांना कोणी सांगितलेले नाही.

वेळ दिल्याबद्दल उपकार मानणारा, आपला नम्र,

(सही)
निवृत्त लिफ्टमन
इयत्ता सहावी, तुकडी ब (फी भरल्यास)

दिनांक : शाळा उघडण्यास नऊ दिवस बाकी.

सोबत जोडलेले कागद :
(१) पाचवीचे प्रगतिपुस्तक, पालकांच्या सहीसह.
(२) सूनबाईंचे निवेदन.
(३) पत्नीची सशर्त संमती, सकाळी सात ते एक.
(४) गुलाबी कोट घातलेला अर्जदाराचा फोटो, एक प्रत. पाहून परत करावा.

तपासणाऱ्याचा शेरा (पेन्सिलीने) : शुद्धलेखन तपासले. परिच्छेद १० मला विचारून लिहिलेला नाही, तो मान्य नाही. त्याला घरी बसवलंत तर मीही येणार नाही, मग तुम्हाला एकही फी मिळणार नाही. एक निम्मी माफ करा, म्हणजे दीड मिळेल. दीड हे शून्यापेक्षा जास्त असतं. हे त्यालासुद्धा कळतं. बाकीचे अपूर्णांक मी त्याला या नऊ दिवसांत शिकवते.
— थोरली बहीण, इयत्ता आठवी