उशिरा येणारा आवाज

२ एप्रिल
आले बाई एकदाची! चंद्रपूरहून आरमोरी, आणि पुढे ऑटोत माइकची पेटी मांडीवर घेऊन या गावात. सत्यशीलाबाईंनी ‘जय भीम’ म्हणत दारातच पाण्याचा गडवा हातात दिला आणि जेवल्याशिवाय सामान सोडू दिलं नाही. जयंतीसाठी भीमगीतं रेकॉर्ड करायची, आणि चौदा तारखेला संध्याकाळी गावच्या मंचावर मीच गायची. एकटी! माझं काम रेकॉर्डिंगचं; गाणं म्हणाल तर आजवर कोरसमध्ये मागे उभी राहून टाळ्याच वाजवल्या.

स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली. दाराला आतून इतका फोम चिकटवलाय की ते चौकटीत फसतं आणि बाहेरून कोणी ढकलल्याशिवाय उघडत नाही. मी आतून ओरडते, बाई खांद्यानं दार ढकलतात, मग दोघी हसत बसतो.

खोली त्यांच्या मुलानं, अश्विननं, उभी केली. तो वर्षभर बोललेला नाही. गेल्या एप्रिलात त्याचे वडील सोमाजी घरामागच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, मोहाच्या झाडाकडे गेले, ते परतलेच नाहीत. त्या धक्क्यानं पोराची वाचा गेली, असं गाव म्हणतं.

४ एप्रिल
कॉम्प्युटर माझ्या बारावीच्या वेळचा असावा. मी गाते आणि माझा आवाज हेडफोनमध्ये मागाहून येतो. अशानं कोण सुरात गाईल? बघते तर बफर सगळ्यात वर, १०२४ वर ठेवलेला! म्हणजे मशीननं आवाज आधी भरपूर साठवायचा आणि मग सावकाश परत द्यायचा. मला हसूच आलं. अश्विनभाऊ नवशिके दिसतात.

कॉम्प्युटरची पेटी उघडून मूठभर धूळ काढली, नको ते प्रोग्रॅम उडवले, नेट बंद केलं, बफर निम्म्यावर आणला. आवाज लगेच जवळ आला. कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तोही बंद. घामानं निथळले, पण खूश आहे.

५ एप्रिल
सकाळी बघते तर बफर पुन्हा वर. अश्विननं केला. मी रागावले तर त्यानं मोहाकडे हात केला, मग तोच हात हळूहळू जवळ आणत स्वतःच्या गळ्यावर ठेवला. लिहून दे म्हटलं तर पेन दोनदा बोटांतून निसटला. दया आली, पण काम माझं आहे. पासवर्ड टाकून दिला. आता हात लावून दाखव म्हणावं.

७ एप्रिल
बफर २५६. छान चाललंय. एवढंच, की हेडफोनमधली मी श्वास भलत्याच जागी घेते. आणि मागे वाळका पाला चुरचुरतो. या खोलीत पाला कुठून येणार? दोनदा झाडून काढली.

९ एप्रिल
दुपारी ६४ वर आणला. उशीर संपलाच! माझा आवाज थेट कानाशी. एका दमात गाणं झालं, इतकं चांगलं मी कधीच गायले नव्हते.

मी थांबले. हेडफोनमध्ये एक ओळ आणखी झाली.

रेकॉर्डिंग लावून पाहिलं. ती ओळ त्यात नाही. मी घाबरले आहे, हे इथे लिहायला लाज कसली.

११ एप्रिल
घसा बसलाय. बाईंसोबत मोह वेचायला गेले. त्या सांगत होत्या, जंगलात बाया पांगल्या की एकमेकींना हाका मारतात. म्हणाल्या, “हाक मारली अन् उत्तर उशिरा आलं तं बरं, थो दूर हाये. लगेच आलं तं तोंड बंद कराव, टोपली तिथीच टाकून घरी याव.”

मी विचारलं, तो म्हणजे कोण? त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. मग सोमाजींचं सांगितलं. मोहाखालून अश्विनच्या आवाजात हाक आली म्हणून ते गेले. पण अश्विन तेव्हा खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेला होता. बाईंनी स्वतः पाहिलेला.

आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो, हे आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात. घरी येऊन हिशेब केला. पहिल्या दिवशीचा उशीर म्हणजे या खुर्चीपासून मोहापर्यंतचं अंतर. भरपूर उशीर. अश्विननं मुद्दाम ठेवलेला. आणि मी रोज थोडा थोडा —

अश्विननं मोहाकडून गळ्यापर्यंत आणलेला हात आता कळला.

१२ एप्रिल
बफर वर नेला. आकडा १०२४ दाखवतो. उशीर नाही. आवाज तिथेच. कानाशी.

मी गात नव्हते.

१३ एप्रिल
सकाळी ओरडून पाहिलं. नुसती हवा. बाई म्हणतात थंड पाणी प्यायलीस, हळद-दूध घे. अश्विन माझ्याकडे बघून रडला. उद्या मंच. माझा आवाज —

१४ एप्रिल
सगळं गाव मिरवणुकीत. अश्विनसुद्धा. बाई माझ्यासाठी घरी थांबल्या. मशीनच्या तारा उपटून टाकायला आत आले, आणि वाऱ्यानं दार लागलं. फसलं. मोबाइल पुढच्या खोलीत. वीज नाही. दाराखालच्या फटीतून येतो तेवढाच उजेड.

तारा उपटल्या. हेडफोनमध्ये पाला वाजतोय.

दारावर थापा मारल्या — फोम — आवाजच होत नाही. खुर्ची आपटली. बाईंनी ऐकलं! येताहेत. फटीत त्यांची सावली —

माझा आवाज. बाहेरून. सांदवाडीतून. “बाई, इकडे या ना. मोहाखाली.” किती गोड बोलते आहे मी.

सावली थांबली. बाई म्हणाल्या, “अवं, गळा सुटला का? तिथी कायले गेली वो? थांब पोरी, आली मी.”

नाही. नाही. खुर्ची पुन्हा — त्या वळल्या — पान फाडून फटीतून सरकवते —

बाई, मी आत आहे. जाऊ नका. ती मी ना