नांगीतला शेंदूर

यवतमाळ, मंगळवार, संध्याकाळ

झालं एकदाचं! दगड झालेल्या खेकड्याचं वर्णन लिहून संपलं. प्रजाती नवीच आहे, आता माझे मार्गदर्शक सरही मान्य करतात. पण डाव्या नांगीच्या सांध्यातला तो शेंदूर! किती महिने सुईनं खरवडत बसले, किती चिडले त्याच्यावर. आज ही बातमी सांगायला राजूरच्या यमुनामावशींना फोन केला. त्यांच्याच वावरात हा खेकडा सापडला होता. म्हणाल्या, "बाकीचे गोटे विहिरीच्या बांधकामात गेले ना बाई. याले पाय दिसले म्हून म्या शेंदूर लावून निंबाखाली बसवला. देवाले कोन हात लावते?"

म्हणजे ज्या शेंदरावर मी चिडत होते, त्यानंच खेकडा वाचवला. आणि असा देव मी मागितल्यावर मावशींनी पदरात गुंडाळून हातात दिला. का दिला असेल? मी तर त्यांची कोणीच नव्हते. मी आभार मानत राहिले. त्यांचं आपलं एकच, "बरा हाये नं थो तिकडे?"

बरा आहे, मावशी. सुई डबीत ठेवून दिली. वर्णनाच्या शेवटी एक ओळ वाढवली: डाव्या नांगीच्या सांध्यात थोडा शेंदूर आहे, तो काढलेला नाही.