दवबिंदूला घातलेला युरिया

बाई, परवा रानशेतच्या माळावर गेलो होतो. सातवीला तुम्ही आम्हाला तिथं न्यायच्या, चपला काढायला लावून. कातळावर बोटभर माती आणि तिच्यात ती लाल, चिकट रोपं, रुपयाएवढी. दवबिंदू. तुम्ही सांगताय, "या मातीत नत्र नाही, म्हणून ही माशा धरून खातात." मी मागून बोललो, "बाई, यांचा डबा आणू का?" सगळे हसले, तुम्ही पण. मग तुम्ही म्हणालात, "नको रे बाबा. खत पडलं की गवत माजतं नि यांना झाकून टाकतं." पण तोवर मी बेडकाच्या मागे, कानावर पडलं ते डोक्यात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांच्या भाताच्या युरियातली मूठ खिशात घालून गेलो, एका कोपऱ्यात दिली टाकून. वाटलं, रोपं बशीएवढी होतील, बाई बघतच राहतील. पंधरा दिवसांनी आपण गेलो तर तो कोपरा काळा पडलेला आणि कडेनं गवत हिरवंगार. तुम्ही खालीच बसलात. "माझंच चुकलं. दरवर्षी एवढी पोरं आणून तुडवलं." त्यानंतर वर्ग कधी नेलाच नाहीत. वर्गात एक मिनिट गप्प न बसणारा मी, तेव्हा गप्प. दोन वर्षांत तुम्ही पण देवाघरी गेलात.

आता मी टेम्पो चालवतो, चिकू घेऊन तलासरीवरून गुजरातला. परवा माळावर कॉलेजची एक मॅडम पावसाचं पाणी बाटलीत धरत होती. म्हटलं, "काय मॅडम, नळाला पाणी नाय का?" ती हसली. म्हणाली, "गाड्यांचा धूर, शेतातल्या युरियाची वाफ, सगळं वर जातं नि पावसातनं खाली येतं. आभाळच खत टाकतंय, दादा. गवत वाढतंय, दवबिंदू संपतायत." खाली रस्त्यावर माझा टेम्पो उभा, इंजिन चालूच.

मग तिनं नेमकं त्याच कोपऱ्याकडे बोट करून विचारलं, "त्या कोपऱ्यात पूर्वी होते का?"

"भरपूर."

"कशानं गेले?"

"धुरानंच असणार," मी म्हणालो. तिनं वहीत लिहून घेतलं.

तेव्हापासून डोकं जागेवर नाही. टेम्पो चालवताना पण ती वहीच दिसते. बाकीचा माळ धुरानं गेला असेल, तो कोपरा नाही. तो माझा आहे. तुम्हाला लिहिणं सोपं आहे बाई, तुम्ही कान धरायला येणार नाही. हा कागद टेम्पोच्या खणात पडून राहील. मॅडमचा नंबर फोनमध्ये आहे. दोनदा लावला, वाजायच्या आत कापला.