खोका उघडला

प्रिय ताई,

नदीच्या गाळाचे नमुने मी प्रयोगशाळेत खोक्यात भरायचो. ते परदेशी विद्यापीठात जायचे. मग तूही संशोधनासाठी त्याच विद्यापीठात गेलीस. गेलेला नमुना कधी परत येत नाही, म्हणून तूही परतणार नाहीस अशी मला धास्ती होती.

आज खोका नीट तपासून चिकटवला, तेवढ्यात आमच्या मॅडम ओरडल्या, "अरे घाबरटा, उघड तो! त्या विद्यापीठाशी नवा करार झाला. तपासणी आता इथेच, शोधनिबंधावर दोन्हीकडची नावं, आणि त्यांची माणसं इकडे येणार."

"कोण येणार?"

"पहिली तुझी ताईच. दोन वर्षं राहणार."

चिकटपट्टी सोलताना मी एकटाच हसत होतो. हे पत्र पाठवत नाही. तुझ्या उशीखाली ठेवतो, आलीस की वाच.

तुझा घाबरट भाऊ