माएचं वर येणारं स्वयंपाकघर

बांग बो, रविवार, जेवणानंतर

लुंग प्रयोंग मामांच्या चरणी भाचीजावई बुनलर्त याचा हात जोडून, अंगठे थेट भुवयांना टेकवून नमस्कार. गुडघा कसा आहे? सरबुरीची हवा कोरडी झाली की तो गप्प बसतो असं तुमची भाची राट्री सांगते, तेव्हा सध्या गप्प असावा. कानाचं विचारत नाही (छत्तीस वर्षं खाणीत सुरुंग उडवल्यावर कानाने आणखी किती करायचं?). म्हणूनच फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तुम्ही सगळ्याला "हो हो" म्हणता आणि मग माएला, तुमच्या बहिणीला, भलतंच सांगता. आम्ही मजेत आहोत. राट्रीला सातवा महिना लागला आहे, तिला दिवसातून चार वेळा आंबट कैरी लागते, आणि माझं वजन तिच्यापेक्षा जास्त वाढलं आहे.

आता मूळ प्रकरण. तुमच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गेल्या वर्षी घरामागे नवं स्वयंपाकघर काढायचं ठरवलं आणि त्याच्यावर एक खोली, आम्हा दोघांसाठी. मी पडलो मातीवाला. प्रयोगशाळेत चिकणमातीची चकती पितळी कड्यात बसवायची, वर वजन ठेवायचं, रोज ते दुप्पट करायचं आणि ती किती दबली ते काट्यावर वाचायचं, यावर माझं पोट चालतं. त्या आकड्यांवरून मी संगणकात मातीचं गणित मांडतो: किती ओझ्याला ती किती आणि कधी खचेल. लुंग, तुम्ही दगडाची माणसं, तुम्हाला याचं हसू येतं हे मला ठाऊक आहे. दगड सोसेल तेवढं सोसतो आणि एक दिवस फाडकन तुटतो, मामला खलास. आमची माती आजवर सोसलेलं सगळ्यात मोठं ओझं लक्षात ठेवते. तेवढ्यापर्यंत तक्रार करत नाही. त्याच्या पुढे गेलात की तोंडावर काही बोलत नाही, पण पुढची वीस वर्षं हळूहळू खाली जात राहते. (राट्री म्हणते, हे मी मातीबद्दल सांगतोय की तिच्या आईबद्दल?)

मी मागच्या अंगणातून नळीभर माती काढली, आठ दिवस दाबली आणि निकाल सांगितला. जुनं घर खाली वाळूपर्यंत गेलेल्या लांब खांबांवर उभं आहे, ते हलणार नाही. कंत्राटदार स्वयंपाकघराला घालणार ते आखूड खांब चिखलातच लोंबकळणार. स्वयंपाकघर आठ महिन्यांत चार सेंटिमीटर खचेल आणि घरापासून फाटेल. वर खोली चढवलीत तर विचारूच नका. माए म्हणाल्या, "तीस वर्षं मी या मातीवर पाय आपटतेय, तिने हूं की चूं केलं नाही. तू आठ दिवस ताटलीत दाबलीस आणि लागली होय बोलायला?" पण खरं दुखणं वेगळंच होतं. अख्ख्या गल्लीने ठरवून टाकलं की जावयाला सासूजवळ राहायचं नाही, म्हणून त्याने माती पुढे केली. शेवटी करार झाला. स्वयंपाकघर बांधायचं, आठ महिने मी दर रविवारी मोजायचं. खचलं तर खोली रद्द. नाही खचलं तर पुढेमागे होईल ते बाळ याच घरात वाढेल आणि मी मातीचं नाव काढायचं नाही.

मोजायला एक न हलणारी खूण लागते. मी अंगणातलं जागेवाल्याचं घर, म्हणजे जागेच्या राखणदाराचं खांबावरचं छोटं देवघर, निवडलं, कारण त्याला हात लावायची या घरात कोणाची छाती नाही, मांजरसुद्धा वळसा घालून जातं. त्याच्या ओट्यावर खिळा ठोकला (आधी उदबत्ती लावून, परवानगी मागून) आणि सपाटी मोजायची दुर्बीण रोखली. पहिल्या दोन महिन्यांत स्वयंपाकघर चार मिलिमीटर वर आलं. खाली नव्हे लुंग, वर! चौथ्या महिन्यात अकरा. माएंनी गल्लीभर दवंडी पिटली की पुण्याईने आमचं स्वयंपाकघर वर येतंय. सहाव्या महिन्यात आकडा सत्तावीसवर गेला, शेजारच्या पा चुआन मावशीने त्याच आकड्याचं लॉटरीचं तिकीट घेतलं आणि तिला ते लागलं! मग काय विचारता? लोक सकाळपासून जागेवाल्याकडे रांग लावू लागले. नवस फेडायला लाल सरबताच्या बाटल्या, चिनी मातीचे हत्ती, सिमेंटचे झेब्रे, नाचणाऱ्या बाहुल्या, ओट्यावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. जितके नवस फिटत होते तितकं आमचं स्वयंपाकघर भराभर वर येत होतं, आणि मी, एवढा शिकलेला माणूस, माती ओझ्याखाली वर का येते याचं नवं गणित मांडत बसलो होतो. बावीस पानं झाली होती. ती मी साहेबांच्या टेबलावर ठेवणारच होतो.

वाचवलं माएंनीच. त्यांची उंची तुम्हाला माहीत आहे. जागेवाल्यापुढे सरबत ठेवायला त्यांना नेहमी चवड्यांवर उभं राहावं लागायचं. परवा, आठवा महिना संपताना, त्यांनी टाचा जमिनीवर टेकवून आरामात बाटली ठेवली आणि मला म्हणाल्या, "बघ, या वयात वाढले मी." मी धावलो. दुर्बीण उचलली आणि या वेळी घराच्या खांबावरून मोजलं. जागेवाला भक्तांच्या प्रेमाखाली जवळजवळ सात सेंटिमीटर खाली गेला होता आणि स्वयंपाकघर चार. माझं गणित केसाइतकंही चुकलं नव्हतं. वास्तविक दर रविवारी स्वयंपाकघराच्या दारात मला ठेच लागत होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचाही मीच होतो आणि मागचाही मीच.

आनंदाने ओरडत आत गेलो आणि फट शोधायला भिंतीवरचं भलंमोठं कॅलेंडर वर केलं. फट नव्हती. ताजा सिमेंटचा गिलावा होता, एकावर एक पाच थर, वर रंग. दारातल्या चटईखाली फळी होती, खचल्याने पडलेली पायरी झाकायला. माए दारात उभ्या होत्या, हातात गिलाव्याची थापी. त्यांना पहिल्या महिन्यापासून सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, "तुझा आकडा वर जात होता, तर जाऊ दे म्हटलं. पोरगी घरी आली असती." मग मागे वळून लसूण सोलायला बसल्या. मला इतकं वाईट वाटलं की जिंकल्याचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी जेवायला वाळवलेल्या मासळीची आमटी होती, मी तीनदा वाढून घेतली.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या कोंबड्याला आणि पा सई मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
बुनलर्त

ता. क. खरं काम असं की, पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे यावं. माए जगात फक्त थोरल्या भावाचं ऐकतात. त्यांना सांगा की आखूड खांबांचं हे स्वयंपाकघर पाडा, वाळूपर्यंत लांब खांब घाला आणि वर खोली बांधा. मी गणित केलंय, एक सेंटिमीटरसुद्धा खचणार नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी दया करतोय. तुम्ही सांगा की खाणीतल्या माणसाचा अनुभव आहे. माझं नाव घेऊ नका.

ता. क. २. जागेवाल्याला पक्क्या पायावर हलवायचा विधी करणारा माणूस तिकडून घेऊन या, आणि त्याला एकट्यात एक शंका विचारा. ओट्यावरचे सगळ्यात मोठे दोन झेब्रे, चाळीस-चाळीस किलोंचे, माझे आहेत. दुसऱ्या महिन्यात आकडा वर गेला तेव्हा मी नवस फिटला असं समजून ते गुपचूप आणून ठेवले होते. म्हणजे जागेवाला खचला त्यात माझाही हात आहे. न फळलेल्या नवसाचे झेब्रे परत घेता येतात का, की तेच पुढच्या नवसाला चालतील? माएला यातलं काही कळू देऊ नका, राट्रीलाही नाही. मी मागितलं होतं ते एवढंच की माझं गणित चुकू दे.