करपलेल्या काकवीची बरणी

४ नोव्हेंबर
दादा आला होता. मला दुकानातून काढल्यावर पहिल्यांदाच! हुक्क्याचा तंबाखू करायला ठेवलेल्या नव्या कारागिराचा माल गिऱ्हाइकं परत आणून देतायत म्हणे. एकवीस तारखेला एक मोठा हॉटेलवाला चव घ्यायला येणार. त्याने माल घेतला तर दुकान तरेल, नाहीतर कुलूप. "एक बरणी सफरचंदाची करून दे. शेवटची." अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढवाने हो म्हटलं.

५ नोव्हेंबर
तंबाखूच्या पानांचे देठ काढले. कातरून कोमट पाण्यात भिजवली, पिळली. पाणी चहासारखं निघालं.
बाबांनी वाटणी करून दिली होती – मिश्रण माझ्या हाताचं, निवाडा दादाच्या नाकाचा. दर बरणी त्याच्यापुढे उघडायची, त्याने वास घ्यायचा, मान हलवली तरच विकायची. आणि मार्चमध्ये गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "सारखं वास घे, वास घे. तुझी कटकट नको मला. उद्यापासून येऊ नकोस." सख्खा भाऊ! मेले तरी विसरणार नाही.

६ नोव्हेंबर
दोन बरण्या भरल्या. त्याच्यासाठीची काकवी मोठ्या आचेवर ठेवली आणि उभी राहून करपू दिली. घरभर धूर. शेजारीण विचारते, काय जळतंय? म्हटलं, माझं डोकं.
माझ्या बरणीची काकवी मंद आचेवर. मध, ग्लिसरीन, सफरचंदाचा अर्क, सगळं नीट. हॉटेलवाल्याने दादाच्या बरणीची चिलीम एका झुरक्यात बाजूला सारली की माझी पुढे करायची. दादाच्या देखत. त्याचं तोंड कसं होईल ते आत्ताच दिसतंय.

९ नोव्हेंबर
भाजी घेताना वहिनी भेटली. तिचं रडगाणं – "दूध आटून कोळसा झालं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक!" मला बरं वाटलं. करपण्याची सवय होऊ दे.

१३ नोव्हेंबर
बरण्या हलवल्या. मुरतायत. रागही.

२० नोव्हेंबर
दादा बरणी न्यायला आला. झाकण घट्ट बांधून ठेवलं होतं, म्हटलं, उद्याच उघड. पण याने तिथेच सोडलं. करपट वास मला हातभर लांबून येत होता.
त्याने नाक आत घातलं. डोळे मिटून लांब श्वास घेतला. नेहमीसारखी मान हलवली. "बाबांच्या हाताची आठवण झाली गं."
आणि गेला! नाटकी माणूस. वास घ्यायचे कष्टसुद्धा घेत नाही, नुसती मान हलवतो. बरंच झालं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
ते दूध.
नाटक नव्हतं. त्याला वासच येत नाही. मार्चच्याही आधीपासून असणार. दर बरणीला त्याचं नाक मागणारी मी एकटीच होते, म्हणून मला काढलं.
भांडण मिटलेलं नाही. ते त्याच्या तोंडावर करीन. हॉटेलवाला दहाला येतोय. माझी बरणी पिशवीत घातली आहे, तो यायच्या आधी पोचून करपलेली बदलायला हवी.