नाशिकला निघालेलं कपाट

मुलुंड (पूर्व),
१२ नोव्हेंबर १९८६

चि. नंदकिशोर यास,

मुलुंडहून श्यामकांतचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा गुडघा, नाशिकची थंडी आणि सौ. प्रेमाचा स्वभाव, तिन्ही आता सुसह्य झाली असतील अशी आशा आहे. (प्रेमाला पत्र वाचून दाखवताना हे वाक्य गाळावं.)

आम्ही सोमवारी सामानासकट तुझ्या दारात उतरणार होतो, उतरलो नाही, म्हणून तू घाबरून तार केलीस. घाबरण्याचं काहीएक कारण नाही. नाशिकला यायचा माझा बेत पक्का आहे. सरळ गोष्ट आहे. इथल्या दोन खोल्या विकल्या की तिथं तुझ्या शेजारी अख्खं घर, वर अंगण आणि पेरूचं झाड. निवृत्त माणसानं मुंबईत राहून करायचं काय? इथलं पाणी आपण डोळे चोळतोय तोवर येऊन जातं. हे मी ज्याला त्याला इतकं पटवून सांगितलंय की अर्धी सोसायटी आता नाशिकचं नाव काढते. (आधी मी पोचून कळवतो, असं सांगून त्यांना थोपवून धरलंय.)

रविवारी सोसायटीनं गच्चीवर मला निरोप दिला. शाल, श्रीफळ, बटाटेवडे, सगळं झकास. शेजारचे भाऊराव, ज्यांच्याशी मी टाकीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडत आलो, ते भाषणाला उठले आणि "श्यामकांत, आता मी भांडू कोणाशी रे?" एवढंच म्हणून ढसाढसा रडले. मी रडलो नाही. शाल नवी होती, तिची लव डोळ्यांत गेली.

सोमवारी ट्रक आला. भांडी, गाद्या, पाट, सगळं खाली गेलं आणि तुझ्या बाबांनी आमच्या लग्नात ताईला दिलेलं सागवानी कपाट दारात अडकलं. आडवं केलं, तिरपं केलं, हमालांनी देवाचं नाव घेतलं, मग दुसरंही काही घेतलं. ते मुळात जिन्यानं आलेलंच नाही. इमारत नवी असताना तू आणि मी ते दोर लावून गॅलरीतून वर ओढलं होतं, आणि त्यानंतर मी सेक्रेटरी झाल्यावर चोरांच्या भीतीनं सगळ्या गॅलऱ्यांना एकसारख्या जाळ्या बसवून घेतल्या. तुझी ताई कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांचं कपाट टाकून मी इथून हलायची नाही." ट्रकवाला जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सामान पुन्हा वर आलं.

कमिटीनं तातडीची सभा घेऊन माझी जाळी कापायला एकमतानं परवानगी दिली. एकमतानं म्हणजे मी सोडून. जाळीला हात लावायचा नाही हा नियम मीच केलेला, तो स्वतःसाठी मोडणारा मी नव्हे. तेव्हा काही दिवस थांबावं लागेल, इतकंच. बेत पक्का आहे.

तुझा,
श्यामकांत

ता. क. रविवारी दोन माणसं घेऊन मदतीला येतोस असं तारेत आहे. येऊ नकोस. गुडघ्याला जपावं.

ता. क. दुसरा. आलासच, तर कपाटाच्या माथ्याकडे बघू नकोस. चार खुंट्या काढल्या की माथा सुटा होतो आणि कपाट जिन्यानं सहज जातं, हे तुला आणि मला ठाऊक आहे. ते दोरानं वर ओढून कंबर मोडून घेतल्यावर आपल्याला कळलं, म्हणून तर लाजेनं कुठे बोललो नाही. तसाच गप्प राहा. नंदकिशोर, भाऊराव रडले तेव्हा मला कळलं, मला इथून जायचं नाही रे. ताईला हे कोणत्या तोंडानं सांगू? तिनं अंगणात तुळस कुठे लावायची तेसुद्धा ठरवलंय. पाकीट तीच भाताच्या शितानं चिकटवणार आहे, पण नवऱ्याची पत्रं ती वाचत नाही. मोठा गुण आहे.

नंदूस,
खुंट्यांचं मला पहिल्यापासून माहीत आहे. दर दिवाळीला माथा उतरवून पुसतं कोण? ह्यांना गच्चीवर तसं हुंदके देताना पाहिलं, तेव्हाच मी कपाटाचं ठरवलं. तूही गप्प राहा. रविवारी जेवायला ये, आणि येताना माणसं नकोत, तुमच्याकडचे पेरू आण.
तुझी ताई